डोळा इथं, पडदा तिथं

श्रोतेहो, रोह्याजवळच्या अवचितगडावरून कुंडलिकेचं खोरं कसं दिसतं, हे तुम्हांला सांगायला नको. गडावरच्या टेहळ्याला सारं दिसे. पण ते खाली कळवायचं तर जाळ, धूर, नाहीतर धावता माणूस! आज पेणच्या रामवाडीत एखादा दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्या मागच्या गोदामाचं दार पडद्यावर पाहू शकतो. ही सोय आली कुठून?

सुरुवात युद्धात झाली. 1942 साली जर्मनीत पेनेमुंडे इथं रॉकेटं उडवीत. जवळ उभं राहणं जिवावर बेतणारं. म्हणून वाल्टर ब्रुख या तंत्रज्ञानं कॅमेरा तिथं ठेवून पडदा सुरक्षित जागी नेला. मधे फक्त तार.

घरात ही युक्ती आणली एका परिचारिकेनं. न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांच्या वस्तीत पोलीस लवकर येत नसत. 1966 साली त्यांनी नवऱ्यासह पेटंटसाठी अर्ज केला. दाराला चार भोकं, त्यांवर वरखाली सरकणारा कॅमेरा, आणि पडदा थेट झोपायच्या खोलीत! पाहुणा ओळखीचा निघाला तर बटण दाबून दार उघडायचं. पेटंट 1969 साली मिळालं.

पुढची पायरी मात्र कॉफीमुळं चढली गेली, हसू नका. 1991 साली केंब्रिज विद्यापीठातले संशोधक जिने चढून जात आणि किटली रिकामी पाहून परतत. मग किटलीसमोर कॅमेरा बसला आणि तिचं चित्र संगणकांच्या जाळ्यातून प्रत्येकाच्या मेजावर दिसू लागलं. 1996 साली स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीनं थेट जाळ्याला जोडता येणारा कॅमेराच विकायला काढला. अशा कॅमेऱ्याला टपालासारखा स्वतःचा पत्ता असतो. जाळ्यातला पडदा त्या पत्त्यावर चित्र मागतो. परवलीचा शब्द जुळला की चित्र येतं. एकच चित्र चार पडद्यांवरही येतं.

आता आपल्याकडं वळू. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरच्या कॅमेऱ्यांनी हल्लेखोर टिपले. ती चित्रं पुढं न्यायालयात पुरावा ठरली. गेलेली माणसं मात्र गेलीच. नंतर ऑक्टोबर 2016 मध्ये मुंबईत साडेचार हजारांवर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आणि पोलिसांच्या नियंत्रण कक्षात माणसं पडद्यांसमोर बसली.

गुरुजी, बाई, पुढचं खास तुमच्यासाठी. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर राज्य शासनानं शाळांना कॅमेरे सक्तीचे केले, आणि आठवड्यातून निदान तीनदा चित्रण तपासायला सांगितलं. मला त्या आदेशात हे तपासणंच जास्त मोलाचं वाटतं. कॅमेरा बंद पडलाय, हे पडदा पाहणाऱ्यालाच कळतं ना!

आणखी एक. 2016 सालीच ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीनं जगभरचे असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्यांचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच राहिला होता, एवढंच त्याला पुरलं. तेव्हा बसवणारा कारागीर निघण्याआधी, त्याच्यासमोरच तो शब्द बदलून घ्या. आणि नवा शब्द पडद्याच्या कडेला चिटोऱ्यावर लिहून चिकटवू नका, बरं का.