आपली भेग आपण बुजविणारा चुना

भोवतालची परिस्थिती ओळखून तिला अनुरूप असा पालट स्वतःत घडवून आणणारे पदार्थ निर्माण करणे, हे आधुनिक पदार्थविज्ञानाचे एक मोठे ध्येय होऊन बसले आहे. ऊब लागताच आपला मूळचा आकार पुन्हा धारण करणारा निकेल आणि टिटॅनियम यांचा मिश्रधातू, उन्हात काळवंडणारी चष्म्याची काच आणि तडा गेला असता तो आपोआप सांधणारे काँक्रीट, ही त्याची काही उदाहरणे होत. यांतील शेवटच्या उदाहरणाचा इतिहास देवळांशी नाते असलेल्या आमच्या वाचकांस विशेष जवळचा वाटेल. कारण त्याची मुळे शोधू गेल्यास आपण चुन्याच्या भट्टीपाशी येऊन पोहोचतो.

चुनखडी किंवा शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजले म्हणजे त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडताच तो खदखदतो, फुटतो आणि विरतो. हा विरलेला चुना भिंतीत गेला की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनतो. जाड भिंतीच्या पोटात हे परतणे वर्षानुवर्षे चालते. मध्यंतरी बारीक भेग पडली व तीत पाणी शिरले, तर ते पाणी थोडा चुना विरघळवून भेगेत आणते. तेथे त्याचे स्फटिक बनतात आणि भेग बुजते. जे पाणी भिंतीचा शत्रू, तेच येथे तिचे औषध होते. अर्थात मोठ्या तड्याला हा उपाय पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे.

या गुणाची सर्वांत प्रसिद्ध साक्ष रोमची आहे. सम्राट हेड्रियनच्या काळी पुरे झालेले तेथील पँथिऑन हे देवालय आजही उभे आहे. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर असून त्यात लोखंडी सळई नाही. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे बारीक पांढरे खडे आढळतात. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात विरलेल्या चुन्याचे वर्णन केले असल्यामुळे, हे खडे म्हणजे मजुरांच्या हलगर्जी कालवणीचा दोष, असे पुष्कळ काळ मानले गेले. आम्हां वकिलांस लेखी पुराव्याचा मोह असतो. पण येथे वस्तूची साक्ष वेगळी निघाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे अदमीर मासिक व त्यांचे सहकारी यांनी इटलीतील प्रिव्हर्नम या प्राचीन नगराच्या तटाचे नमुने तपासून २०२३ साली असे दाखविले की, कळीचा चुना तसाच मिसळून कालवण उकळते केले जात असे आणि त्यामुळेच हे खडे शिल्लक राहत. तशा पद्धतीने ओतलेल्या ठोकळ्याला मुद्दाम तडा पाडून त्यातून पाणी सोडले, तेव्हा दोन आठवड्यांत तडा बुजून पाणी थांबले. कळीच्या चुन्यावाचून केलेल्या ठोकळ्यातून मात्र पाणी वाहतच राहिले. ज्याला दोष म्हटले, तीच पुढच्या काळासाठी ठेवलेली शिदोरी ठरली.

मधल्या काळात जगाने दुसरी वाट धरली होती. १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले. पुढे सिमेंट व पोलाद यांच्या जोडीने धरणे, पूल आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. ते उपकार नाकारता येणार नाहीत. तथापि बारीक भेगांतून पाणी आत जाऊन पोलादाला गंज चढणे, हे या बांधणीचे जुने दुखणे आहे. त्यावर उपाय म्हणून हॉलंडमधील डेल्फ्ट येथे हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये सुप्त जीवाणू व त्यांचे खाद्य घालून ठेवले. पाणी शिरले की ते जागे होतात आणि चुनखडी निर्माण करून भेग भरतात. नवे शास्त्र फिरून चुन्याच्याच दारी आले.

आता आपल्या घराकडे वळू. शाहू छत्रपतींच्या काळात, १७३८ च्या सुमारास उभारलेले कवळ्याचे श्रीशांतादुर्गेचे मंदिर ज्या युगाचे, त्या युगातील गोव्याची बांधणी जांभ्या दगडाची व चुन्याची. किनाऱ्यावर हा चुना बहुधा शिंपले भाजून होई. रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळीत. तेव्हा आपला चुना आणि त्यांचा चुना एकच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु सच्छिद्र जांभ्याला चुन्याचा गिलावा मानवतो, कारण पावसाळ्यात भिंतीने प्यालेले पाणी त्यातून पुन्हा बाहेर पडू शकते. त्याच भिंतीवर सिमेंटचा घट्ट लेप दिला, तर ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि लेप शाबूत दिसत असताना आतला दगड झिजू लागतो.

सिमेंटचे काम लवकर उरकते. चुन्याला मुरण्यास वेळ लागतो आणि तो जाणणारे गवंडी आता थोडेच उरले आहेत. समित्यांची ही अडचण खरी आहे. तरीही जीर्णोद्धाराचा ठराव महाजनांपुढे येईल, तेव्हा खर्चाच्या आकड्याआधी एक प्रश्न विचारला जावा, अशी आमची विनंती आहे : ही भिंत मुळात कशाची आहे, आणि तिच्यावर जे चढवावयाचे, ते तिला मानवेल काय? याचे उत्तर जाणत्या गवंड्याकडून व तज्ज्ञाकडून लेखी घ्यावे आणि मगच ठरावावर सही करावी. पूर्वजांनी आपल्या हाती दिलेली वास्तू ही विश्वस्त ठेव आहे, आणि ठेवीचा अंगभूत गुण न ओळखता तिची दुरुस्ती करण्याचा अधिकार विश्वस्ताला नसतो.