दुसरी किंमत

आमच्या घरी पहिला फ्रिज आला तो जुना, कुणाच्या तरी घरात झिजलेला. रमजानमध्ये अख्ख्या गल्लीच्या पाण्याच्या बाटल्या त्यात असायच्या. अम्मी खूश. विजेचं बिल आलं की अब्बा मात्र गप्प. फ्रिजचे पैसे एकदाच दिले होते, बिल दर महिन्याला येत होतं. वस्तूला दुसरीही किंमत असते, हे मला तेव्हा कळलं.

या दुसऱ्या किमतीला कायद्याने हात घातला तो कॅलिफोर्नियाने. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये तिथे ऊर्जा आयोगाचा कायदा झाला आणि त्याच दशकात फ्रिजने किती वीज खावी यावर मर्यादा आली. १९८७ मध्ये साऱ्या अमेरिकेसाठी कायदा झाला. फ्रिज महागतील, ही भीती होतीच. झालं उलटंच. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिथला नवा फ्रिज वर्षाला साधारण १८०० युनिट घेई. २००१ च्या निकषांनंतर सुमारे ५००. फ्रिज आकाराने वाढले, पण महागाई वजा केली तर किंमत उतरली. आतलं अस्तर सुधारलं, कॉम्प्रेसर सुधारला. नियम सगळ्यांनाच लागू, त्यामुळे चांगला माल थोक बनू लागला.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. २००६ मध्ये स्टारची पट्टी आली, २०१० मध्ये ती फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि एसीला सक्तीची झाली, २०२३ मध्ये छताच्या पंख्यालाही.

पंख्याचं माझं दुखणं जुनंच. आम्ही भाडेकरू. पंखे घरमालकाने बसवलेले, बाजारातले सर्वांत स्वस्त. बचत त्यांची, बिल आमचं! साधा पंखा ७५ वॅटचा, नव्या मोटरचा ३० च्या आसपास. रोज बारा तास फिरला, तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. पण तो विकत घेताना महाग पडतो, आणि मालकाने तो का घ्यावा? म्हणून नियम हवा. जो बिल भरतो पण वस्तू निवडत नाही, त्याच्या बाजूने दुकानात कुणीतरी उभं राहायला हवं.

एक गोष्ट मात्र सलते. नियम नव्या मालाला लागतो. जुना फ्रिज भंगारात जात नाही, तो आणखी गरीब घरात जातो. तिथेही एखादी अम्मी खूश होते, आणि अब्बा बिल हातात घेऊन गप्प बसतात.