लसीकरणोत्तर खांद्याची इजा आणि नुकसानभरपाईचा हक्क : मराठवाड्यातील एका न्यायनिर्णयाच्या संदर्भात

प्रस्तावना

जालना जिल्ह्यातील मंठा येथील एखाद्या नागरिकाने शासकीय रुग्णालयात मोफत लस घेतली आणि सुई चुकीच्या जागी टोचली गेल्याने त्याचा खांदा आखडला, तर त्याने दाद कोठे मागावी? दंडाच्या स्नायूत, खांद्याच्या टोकाच्या हाडापासून दोन-तीन बोटे खाली द्यावयाची लस फार वर दिली गेल्यास सांध्यालगतच्या द्रवाच्या पिशवीत दाह उत्पन्न होऊ शकतो. येथे दोष प्रायः लसीचा नसून टोचण्याच्या जागेचा असतो. म्हणूनच हा प्रश्न शासकीय सेवकाच्या चुकीबद्दल शासनाच्या उत्तरदायित्वाचा ठरतो.

शासनाचे उत्तरदायित्व

या उत्तरदायित्वाचा महत्त्वाचा निवाडा मराठवाड्यातच घडलेल्या घटनेतून आला. जुलै १९६३ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात कापड राहून गेले व तिचा मृत्यू झाला. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कार्य नव्हे, सबब सेवकाच्या हयगयीस शासन जबाबदार आहे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. मात्र त्यासाठी कुटुंबाला घटनेपासून सुमारे ३३ वर्षे वाट पाहावी लागली.

पुराव्याचा प्रश्न

पोटात राहिलेले कापड स्वतःच साक्ष देते. सुईची जागा तशी साक्ष मागे ठेवत नाही. लस कोणती व केव्हा दिली याची नोंद होते. परंतु सुई किती उंचीवर टोचली हे सिद्ध करण्याचा भार रुग्णावर पडतो. ग्राहक न्यायालयाचा तुलनेने स्वस्त मार्गही त्याला सहसा उपलब्ध नसतो. कारण सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले होते. २०२२ मध्ये कोविड लसीकरणासंबंधीच्या याचिकेत केंद्र शासनानेही बाधितांना दिवाणी न्यायालयाचा मार्ग दाखविला.

दोषसिद्धीविना भरपाई

अन्य देशांनी हा भार वेगळ्या रीतीने हलका केला. ब्रिटनने १९७९ मध्ये लसीमुळे गंभीर अपंगत्व आलेल्यांसाठी कायदा केला. अमेरिकेने १९८६ च्या कायद्यान्वये लसींवरील करातून निधी उभारला. २०१७ मध्ये तेथील इजांच्या अधिकृत तक्त्यात खांद्याची इजा समाविष्ट झाली. खांद्याचा पूर्वीचा त्रास नसणे, ४८ तासांत वेदना सुरू होणे, त्रास त्याच खांद्यापुरता असणे व त्याचे अन्य कारण न आढळणे, या अटी पूर्ण झाल्यास इजा लसीकरणाने झाल्याचे गृहीत धरले जाते. त्रास सामान्यतः सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा लागतो. परिचारिकेची चूक मात्र सिद्ध करावी लागत नाही.

समारोप

१९९६ च्या निर्णयाने शासन जबाबदार असू शकते हे ठरविले. पण ती जबाबदारी हयगय सिद्ध होण्यावर अवलंबून राहिली. लस समाजाच्या रक्षणासाठी दिली जाते. तिचा लाभ सर्वांना मिळत असताना क्वचित होणाऱ्या इजेचा भार एकट्या व्यक्तीने वाहावा, हे न्यायाला धरून नाही. टोचणाऱ्या कर्मचाऱ्याला आरोपी न करताही बाधिताला भरपाई देता येते, हाच या तुलनेतून निघणारा निष्कर्ष होय.