छत्री मिटल्यानंतर

शिशाचा एप्रन खांद्याला जड झालाय. साल 1990च्या आसपासचं. फ्रान्समधल्या काँ शहरात, झाक तेरों यांच्या मागे तुम्ही उभे आहात. रुग्ण जागा आहे, मुद्दामच. बोलता येतंय का, हात हलतोय का, हे क्षणाक्षणाला कळायला हवं. जांघेतून शिरलेली तार पडद्यावर मानेतल्या कॅरोटिड धमनीपर्यंत चढते.

ही धमनी फुग्याने रुंद करण्याची वाट क्लाउस मथियास यांनी 1979मध्ये उघडली. तेव्हापासूनची भीती एकच. फुगा फुगला की भिंतीवरचा चरबी-चुन्याचा थर फुटतो आणि त्याचे कण सरळ मेंदूत जातात. एवढ्याशा कणानेही माणसाची वाचा जाऊ शकते.

म्हणून तेरों अरुंद जागेच्या पलीकडे आधी एक छोटा फुगा फुगवून मेंदूकडची वाट अडवतात. मग धमनी रुंद करतात, साचलेलं रक्त कणांसकट सिरिंजने ओढून घेतात आणि उरलंसुरलं चेहऱ्याकडे जाणाऱ्या शाखेत लोटून देतात. मेंदूकडचं रक्त आपल्या हाताने थांबवायला केवढी छाती लागत असेल!

आता 2003मध्ये या. देश तोच, ईव्हीए-3एस चाचणीचे कागद पुढ्यात. कण अडवणाऱ्या संरक्षणाशिवाय स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, घातलेल्या 15 जणांपैकी चौघांना महिन्याभरात पक्षाघात. संरक्षण वापरलेल्या 58 जणांत पाच. संख्या लहान आहे, तरी सुरक्षा समिती विनासंरक्षण स्टेंटिंग थांबवायला सांगते. माझ्या मते तिने योग्यच केलं.

एव्हाना फुग्याच्या जोडीला गाळणी आली आहे. तारेच्या टोकावर उघडणारी इवलीशी छत्री, रक्त न अडवता कण पकडणारी. काम झाल्यावर बाहेर काढलेली छत्री भिंगाखाली धरा. पिवळट, मेणचट कण चिकटलेले दिसतील. पण तिची भोकं साधारण 100 मायक्रॉनची असतात, त्याहून बारीक कण निसटतात. शिवाय उघडण्याआधी तिला त्याच ठिसूळ थरातून वाट काढावी लागते.

आणि छत्री मिटल्यावर काय? 2007मध्ये बेल्जियम-इटलीतल्या स्टेंट घातलेल्या 3179 रुग्णांची नोंद वाचा. प्रश्न स्टेंटच्या जाळीचा आहे. वॉलस्टेंट नावाच्या स्टेंटचं एक छिद्र जेमतेम 1 चौरस मिलिमीटर, अ‍ॅक्युलिंकचं 11च्या वर. मोठ्या छिद्रांतून फुटका थर आत डोकावतो आणि नंतरही झिजत राहतो. छिद्र 2.5 चौरस मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर प्रक्रियेनंतरच्या महिन्याभरातले त्रास 1.2 टक्के, 7.5पेक्षा मोठं असेल तर 3.4. कोणाला कुठला स्टेंट घालायचा हे मात्र चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं, डॉक्टरांनी निवडलं होतं. त्यामुळे या आकड्यांवर सगळा भार टाकता येत नाही. शिवाय बारीक जाळीचा स्टेंट ताठ असतो, वाकड्यातिकड्या धमनीत नीट बसत नाही.

तरीही छत्र्यांची तुलना एका तक्त्यात आणि स्टेंटची दुसऱ्यात, ही पद्धत मला पटत नाही. छत्री काही मिनिटं राखण करते, जाळी पुढचे दिवस. 2010मध्ये स्टेंट आणि धमनी उघडून साफ करणारी शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या आयसीएसएस चाचणीतले एमआरआय पाहा. स्टेंट घातलेल्या 124 जणांपैकी 62 जणांच्या मेंदूत ताजे ठिपके, शस्त्रक्रिया झालेल्या 107 जणांत 18. बहुतेकांना काही जाणवलंही नव्हतं. त्यानंतर दुहेरी विणीचे स्टेंट आले. आणि मानेशी छोटा छेद देऊन रक्त उलटं वळवायचं, गाळायचं आणि मांडीतल्या शिरेत परत सोडायचं, ही पद्धतही. तिच्यात थराला तार लागण्याआधीच प्रवाह फिरलेला असतो.