देवघरातले टाक

मराठी घरात एकाच ताम्हनात दोन कुळांचे देव न्हातात. एक नदीने घडवलेले, दुसरे सोनाराने ठोकलेले, म्हणजे टाक.

नदीचे देव पंचायतनातले. गंडकीतला शाळिग्राम म्हणजे विष्णू, नर्मदेतला बाण म्हणजे महादेव, शोण नदीतला तांबडा दगड गणपती, सुवर्णमुखीतला दगड देवी. पाचवा सूर्य तेवढा स्फटिकाचा. पाच दैवते एका पूजेत बसवण्याचे श्रेय परंपरा आद्य शंकराचार्यांना देते. बाण आणि शाळिग्राम यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही, ते स्वयंभूच.

टाक मात्र घडवावे लागतात. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकायचा, आकृती उठली की पाठीमागे लाख भरायची आणि तांब्याचा पत्रा बसवून कडा दुमडायच्या. खंडोबा घोड्यावर, शेजारी म्हाळसा, खाली कुत्रा. भवानी महिषासुराला मारणारी. याच रांगेत एखादा वीर असतो, हातात शस्त्र घेतलेला. तो देव नव्हे, घरातलाच कुणी पूर्वज.

कोणत्या पूर्वजाचा टाक होई? नातवंडे पाहून समाधानाने गेलेल्या आजोबांचा सहसा नाही. लढाईत पडलेला, अकाली किंवा अविवाहित गेलेला, ज्याची इच्छा मागे राहिली असे घराला वाटे, त्याचा. घरात आजारपण आले, काही सुचेना, की देवऋषी सांगे, ‘त्याला देवात बसवा.’ म्हणजे आधी धास्ती होती, भक्ती मागाहून आली. गावाबाहेर पडलेल्या वीराला जागा देण्याचे हेच काम वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळा, करत. शिलाहारांच्या काळातले बोरिवलीच्या एकसरचे वीरगळ पाहा: खाली युद्ध, वर वीराला मिळालेला देवलोक. दगडावर त्याची सगळी कथा मावते. टाकावर तेवढी जागा नाही. शिवाय ठसा सर्वांना एकच, त्यामुळे चेहराही त्याचा स्वतःचा नसतो. हा कोणाचा, हे घरच्या म्हाताऱ्यांनीच सांगायचे.

वर्षभर देवघरात बसणारा हा वीर नाशिकला धुळवडीच्या दिवशी बाहेर पडतो. घराघरांतले टाक वाजतगाजत गोदावरीवर न्यायचे, त्यांना स्नान घालायचे, पोरांना वीरांचे वेश चढवायचे, होळीभोवती नाचायचे. जेजुरीला खंडोबाचे टाक मूळ देवाच्या भेटीला नेतात. झिजलेले टाक लग्नाआधी उजळून किंवा नव्याने करून घेतात.

भाऊ वेगळे झाले की सहसा मूळ देव थोरल्याकडे राहतात, धाकटे नवे घडवून घेतात. जमीन वाटली की प्रत्येकाच्या हिश्शाला कमी येते. टाकाचे उलटे: वाटण्या झाल्या की सोनार पुन्हा तोच ठसा काढतो, आणि एका पूर्वजाला बसायला दोन घरे मिळतात.