पळसाच्या पत्रावळीपासून उसाच्या चोथ्यापर्यंत

पळसाची पानं बारीक काड्यांनी टाचून लावलेल्या पत्रावळींवर गावच्या पंगती पिढ्यान्‌पिढ्या उठल्या. उष्टी पत्रावळ उकिरड्यावर जाई, खत होऊन शेतात परते. थर्माकोल स्वस्त झाला आणि पत्रावळी लावणाऱ्या हातांचं काम आटलं.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली. आता लग्नात बगॅसच्या ताटल्या दिसतात. बगॅस म्हणजे उसाचा चोथा, साखर कारखान्याच्या बॉयलरचं जळण. त्याचा लगदा तापत्या साच्यात दाबला की ताटली तयार. पण तेल झिरपू नये म्हणून अशा काही भांड्यांत ‘पीफास’ रसायनं मिसळली गेली. चोथा कुजतो, ती कुजत नाहीत.

म्हणून ताटली कुजते का, एवढंच विचारून थांबू नये. मातीत मागे काय उरतं, तेही विचारावं.