जुलाहा, जकात आणि जालना

जालना या नावाविषयीची एक आख्यायिका ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. गावाचे जुने नाव जनकपूर होते. पुढे एका धनवान मुसलमान व्यापाऱ्याने गावावर बरेच उपकार केले. त्याचा पेशा जुलाह्याचा, म्हणजे विणकराचा. त्याच्या इच्छेवरून गावाला 'जालना' हे नाव मिळाले. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे. परंतु एका गावाने आपले नाव बादशहाला किंवा सरदाराला नव्हे, तर मागावर बसणाऱ्या माणसाला जोडावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दख्खनच्या मुसलमानांचा इतिहास बहुधा तख्त आणि तलवारीचाच सांगितला जातो. आपले विरोधक तसा सांगतात आणि आपणही अभिमानाने तसाच सांगतो. मोमीन, रंगरेज, पिंजारी, अत्तार, बागवान यांना त्यात जागा नसते. खरे तर आपल्यापैकी बहुसंख्यांचे पूर्वज हेच होत. त्यांचा माल गावाची वेस ओलांडून दुसऱ्या मुलखात जात होता. त्या मालाच्या वाटेवर काय घडले, हा आपलाच इतिहास आहे.

आपल्या भागातील कारागिरी साधी नव्हती. पैठणची पैठणी तर प्रसिद्धच आहे. औरंगाबादचे हिमरू सूत आणि रेशीम मिसळून विणले जाई. 'मशरू' या कापडाच्या नावातच शरीअत आहे. शुद्ध रेशीम पुरुषांना मना, म्हणून अंगाला लागणारी बाजू सुताची आणि दिसणारी बाजू रेशमाची. मशरू म्हणजे जायज. धर्माची मर्यादा पाळून कारागिराने काढलेली ही वाट हिंदू ग्राहकांनाही आवडली. कापड विकत घेताना कोणी विणकराचा मजहब विचारला नाही.

मजहब विचारला तो नाक्यावर. 'जकात' हा मराठीतला शब्द मूळचा आपला 'जकात'च. एक इस्लामचा रुक्न, मालदाराने गरिबाला द्यायचा हक्क. दुसरी मालावर रस्त्यात घेतली जाणारी पट्टी. औरंगजेबाने १६६५ मध्ये मुसलमान व्यापाऱ्यांच्या मालावर शेकडा अडीच आणि हिंदूंच्या मालावर शेकडा पाच असा दर ठरवला. १६६७ मध्ये मुसलमानांना पूर्ण माफी दिली. मग हिंदूंचा माल मुसलमानांच्या नावावर नाक्यातून जाऊ लागला आणि सरकारला मुसलमानांवर पुन्हा अडीच टक्के बसवावे लागले. यातून दोन गोष्टी कळतात. हा भेदभाव होता आणि तो आपण नाकारू नये. दुसरी गोष्ट अशी की बाजारात दोन्ही समाजांचा एकमेकांवर विश्वास होता, म्हणूनच एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकला.

पुढे सरहद्दीचे रूप बदलले. १८०२ मध्ये निजाम सरकार आणि इंग्रज कंपनी यांच्यात व्यापारी तह झाला आणि एकमेकांच्या मुलखातील मालावर शेकडा पाच दर ठरला. निजामाच्या राज्यात ही जकात वसूल करणारे खाते म्हणजे करोडगिरी. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०२ च्या करारान्वये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. जालना निजामाचे, तर जवळचे देऊळगाव राजा इंग्रजी अमलातले. भाषा एक, पीक एक, सोयरिक एक. पण सरकारे दोन आणि नाणीही दोन. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. शंभर कलदारांसाठी सुमारे ११६ हाली रुपये मोजावे लागत. गाडीवानाला कापसाच्या भावाबरोबर हा हिशेबही तोंडपाठ असावा लागे.

विणकराला या सरहद्दीचा काय फायदा झाला? फारसा नाही. बाहेरून येणाऱ्या मालावर जकात होती, तशी बाहेर जाणाऱ्या मालावरही होती. गिरणीचे कापड इतके स्वस्त पडे की शेकडा पाचाची भिंत त्याला सहज ओलांडता येई. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना या मार्गाने हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली. जालन्यात कापसाचे जिनिंग-प्रेसिंग वाढले आणि बाजार भरभराटीला आला. रेल्वेने कापूस बाहेर जाऊ लागला आणि त्याच रेल्वेने तयार कापड आत येऊ लागले. 'जालना, सोने का पालना' ही म्हण व्यापाऱ्याच्या तोंडी शोभत होती. जुलाह्याच्या घरचा पाळणा मात्र सोन्याचा नव्हता.

१९४७-४८ मध्ये हीच सरहद्द पेटली. स्टेट काँग्रेसच्या सैनिकांनी करोडगिरीचे नाके लक्ष्य केले, कारण खेड्यातल्या माणसाला निजामाचे राज्य तेथेच रोज भेटत होते. भारत सरकारने हैदराबादची नाकेबंदी केली आणि बाहेरचा माल यायचा थांबला. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलिस कारवाई पार पडली. आधीचा रझाकारांचा जुलूम आणि नंतरची मुसलमान वस्त्यांची होरपळ या दोन्हींत भरडला गेला तो बहुधा गरीबच. त्याने ना नाका बसवला होता, ना त्यावरची वसुली खाल्ली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. ज्या सरहद्दीवर पिढ्यान्‌पिढ्या गाड्या थांबल्या, ती आता दोन जिल्ह्यांमधील साधी हद्द आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली आणि हे गाव संकरित बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. पुढे लोखंडी सळयांचे कारखाने आले. २०१५ मध्ये ड्रायपोर्टचे भूमिपूजन झाले. माल पुन्हा दूरदेशी जाण्याची भाषा सुरू झाली. पण मालावर ज्याचे हात राबतात, त्याच्या घरी काय येते, हा जुना प्रश्न तसाच आहे.

आमच्या उर्दू शाळांतील मुले बाबर ते बहादूरशहापर्यंतची नावे घडाघडा म्हणतात. पणजोबा काय विणत होते, काय विकत होते, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. तख्ताचा इतिहास शिकलेल्या मुलाला वाटते की आपले सारे काही गेले. कष्टाचा इतिहास शिकलेल्या मुलाला कळते की या मातीच्या अंगावरचे कापड आपण विणले होते. कोणी परका म्हटले तर त्याला देण्यासाठी याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून हा इतिहास विचारून घ्यायला हवा, ती माणसे आहेत तोवर.